डीपीएफचा नवस

मला गाड्यांमधलं कळतं, असा पुण्याच्या शनिवार पेठेत एक समज आहे. तो मी स्वतः, बरीच वर्षं खपून, पसरवलेला आहे. खाली कुणाची स्कूटर सुरू होईना की मी गॅलरीतून "चोक द्या, चोक!" असा सल्ला सोडतो. हल्लीच्या स्कूटरला चोक नसतो हे खालच्या माणसाला ठाऊक असतं, पण आवाज वरून आल्यामुळे त्याचा हात क्षणभर हँडलच्या त्या बाजूला जातोच. तेवढ्यावर माझी प्रतिष्ठा उभी आहे.

त्यामुळे गाडी घ्यायची ठरली तेव्हा ती डिझेलच असणार, हे उघड होतं. पेट्रोलची गाडी कुणीही घेतं. डिझेल घेणारा विचार करून घेतो, आणि त्याने विचार केलाय हे चार घरांना कळेल अशा आवाजात ती सुरू होते. शोरूममध्ये मी 'टॉर्क' हा शब्द इतक्यांदा वापरला की विक्रेत्या मुलाने माहितीपत्रक मिटून ठेवलं. बायकोसाठी मी एक्सेलचा तक्ता केला होता. वर्षाला वीस हजार किलोमीटर धरले होते: दर महिन्याला कोकण, अधूनमधून कोल्हापूर, दिवाळीत हंपी. एआरएआयने दिलेलं ॲव्हरेज, पेट्रोल-डिझेलच्या भावातला फरक, सगळं गुणून-भागून गाडी काही वर्षांत जवळजवळ फुकटात पडत होती. एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथे गाडी रोलरवर चढवून पळवतात आणि आकडा काढतात. रोलरवर अप्पा बळवंत चौक नसतो.

आमची गाडी रोज सकाळी शनिवार पेठेतून निघते, भिडे पुलावरून डेक्कनला जाते आणि संध्याकाळी तशीच परत येते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, मग लकडी पुलावरून वळसा पडतो. तो माझा लाँग रूट. इंजिनाला कुठे जरा ऊब यायला लागते, तोवर मी पार्किंग शोधत असतो.

आधी नुसत्या खुणा दिसत होत्या. गाडी बंद करून मी जिना चढून घरात पोचलो तरी खाली तिचा पंखा भणभणत राहायचा. पहिल्या मजल्यावरून निरोप यायचा, "अहो, तुमची गाडी झोपली नाहीये अजून." ॲव्हरेज घसरलं. पण खरी कमाल ऑइलची. दर रविवारी मी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढून बघतो. त्याची गरज असते असं नाही, पण उघड्या बॉनेटपाशी उभं राहिलं की लोक थांबतात. तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढत होतं! पट्टीवरच्या वरच्या खुणेच्याही वर. मी शेजारच्या अण्णांना बोलावून दाखवलं. "लोकांच्या गाड्या ऑइल पितात अण्णा, आमची देते." अण्णा पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पट्टी नाकाशी नेली, मान हलवली आणि काही बोलले नाहीत. मी ते कौतुक समजलो.

मग पिवळा दिवा लागला. दिव्यात एक डबा, डब्यात ठिपके. अण्णांचं निदान: इंजेक्टर. तळमजल्यावरच्या शिंप्याचं निदान: पंपावर भेसळ. माझं निदान: सेन्सर. कुठल्याही दिव्याचं माझं पहिलं निदान सेन्सरच असतं, कारण त्यात इंजिनाचा अपमान होत नाही. पहिल्या दिवशी मी त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून पाहिलं, दुसऱ्या दिवशी त्यावर फडका मारून. नंतर गाडीने ओढणंच सोडलं. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी रमणबागेपाशी एक सायकलवाले आजोबा मला ओलांडून गेले, आणि जाताना त्यांनी घंटी वाजवली.

बायकोने ग्लोव्ह बॉक्समधून गाडीचं मॅन्युअल काढलं. ते मी कधी उघडलं नव्हतं. ज्याला गाड्यांमधलं कळतं त्याने मॅन्युअल वाचणं शोभत नाही. तिने चष्मा लावला, पान काढलं आणि मोठ्याने वाचलं की हा दिवा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा आहे, फिल्टर काजळीने भरला आहे, आणि गाडी सतत कमी अंतरासाठी वापरल्यास असं होतं. मग तिने मॅन्युअल मिटलं आणि विचारलं, "तो एक्सेलचा तक्ता अजून आहे का रे तुझ्याकडे?"

आता या फिल्टरबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला ते आता खरोखरच कळतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. पाचवी पायरी गाळून सरकारने चौथीवरून थेट सहावीवर उडी मारली. डिझेल कारच्या धुरात किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण चालत होते, ते साडेचारवर आले. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आणलं. (नियम लागू झाला त्या दिवशी लॉकडाउनमुळे पेठेत एकही गाडी हलत नव्हती. इतक्या कडक पालनाचा योग पुन्हा आला नाही.) साडेचार मिलिग्रॅम साधायचे म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर हा फिल्टर आला. आत सिरॅमिकच्या हजारो बारीक नळ्या. एकीचं पुढचं तोंड बुजवलेलं, शेजारणीचं मागचं. धूर एकीत शिरतो, पुढे वाट नाही म्हणून भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि बाहेर पडतो. काजळी मागे राहते. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजायला एक सेन्सर असतो. म्हणजे सेन्सर होताच. फक्त बरोबर तो होता, चूक मी.

काजळी साठली की गाडीच ती जाळते. इंजिन मुद्दाम उशिरा थोडं जादा डिझेल सोडतं, धूर ६०० अंशांच्या आसपास तापतो आणि काजळी जळून जाते. याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजच्या भाषेत 'रिजन'. अट एकच: गाडी वीसेक मिनिटं न थांबता, बऱ्यापैकी वेगात चालली पाहिजे. शनिवार पेठेत वीस मिनिटं न थांबता काय चालतं? सल्ले. बाकी सगळं थांबतं. माझ्या गाडीने रोज रिजन सुरू केलं आणि मी रोज मध्येच किल्ली फिरवली. म्हणून पंखा. आणि न जळता राहिलेलं ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. म्हणून ऑइलची भरभराट. अण्णांना वासावरून ते तेव्हाच कळलं असणार, आणि तरी ते गप्प राहिले, हे मला आजतागायत लागून राहिलंय.

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट जळत नाही: राख. इंजिन ऑइलमधल्या रसायनांची ती राख फिल्टरमध्ये पागडीच्या भाडेकरूसारखी बसते. जागा अडवते, निघत नाही, आणि एक दिवस फिल्टरच काढून साफ करायची वेळ आणते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं वेगळं, महागडं ऑइल लागतं. तेही तक्त्यात नव्हतं.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला, गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन गर्जवत जबरदस्तीचं रिजन सुरू केलं. अर्धा-पाऊण तास लागणार होता. मुलगा कुठे जाऊ शकत नव्हता, तेव्हा मी त्याला डिझेलसाहेबांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी संधी मिळेल त्याला सांगतो. घरात ती आता मला सुरू करू देत नाहीत.

रुडॉल्फ डिझेल, जन्म १८५८, पॅरिसमध्ये, आईबाप जर्मन. वाफेची इंजिनं तेव्हा इतकी मोठी आणि उधळी होती की ती मोठ्या कारखानदारालाच परवडत. छोट्या कारागिराच्या हातात एक छोटं, काटकसरी इंजिन यावं, ही या माणसाची तळमळ. (काटकसर! मला तो उगीच का जवळचा वाटतो?) १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचं इंजिन धडपणे चाललं, आणि इंधनातली चौथ्या हिश्शाहून जास्त शक्ती त्याने कामाला लावली. वाफेच्या इंजिनाला तेव्हा त्याच्या निम्मंही साधत नव्हतं. पण माझा आवडता भाग पुढे आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन कशावर चालवून दाखवलं, सांगा. शेंगदाण्याच्या तेलावर! आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग पिकतो, तिथे तो कामाला येईल का, हे फ्रेंच सरकारला बघायचं होतं. इंजिन इतकं बिनबोभाट चाललं की पाहणाऱ्यांतल्या फार थोड्यांना तेल कुठलं ते कळलं.

मी इथे नेहमी थांबतो आणि समोरच्याला विचार करायला वेळ देतो. म्हणजे जगाने तेव्हा वेगळं वळण घेतलं असतं तर आज लक्ष्मी रस्त्याला फोडणीचा वास आला असता. सिग्नलला ट्रक उभा राहिला की मागच्यांना भूक लागली असती. पंपावर बायका विचारत्या, "घाण्याचं आहे की रिफाइंड?" आणि उपवासाला शेंगदाणा चालतो, तेव्हा एकादशीला फक्त डिझेल गाडी काढावी की नाही यावर पेठेत दोन तट पडून एक परिसंवाद नक्की झाला असता. काजळी तेव्हाही धरलीच असती म्हणा, पण खमंग.

असो. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री डिझेलसाहेब अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेसडेन' बोटीवर चढले. जेवले. सकाळी सव्वासहाला उठवा, असं सांगून खोलीत गेले. सव्वासहाला खोलीत कुणी नव्हतं. डेकवर त्यांची टोपी आणि कोट सापडला, पुढे काही दिवसांनी समुद्रात प्रेत. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता असं नंतर उघड झालं. आत्महत्या, अपघात की घात, याचा निकाल लागलेला नाही. आमच्या बायकोचं मत असं, की पुढे शनिवार पेठेत त्याच्या नावाने काय होणार ते त्याला त्या रात्री दिसलं असावं.

मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, रिजन झालं. ऑइल बदलावं लागेल. आणि गाडी हायवेला नेत जा." बिलाचा आकडा मी इथे देत नाही, तक्त्याला लाज वाटेल.

दिवा विझला, आणि काही आठवड्यांनी पुन्हा लागला. रस्ता तोच, पूल तोच, दुसरं काय होणार? तेव्हा आमचा जुना मेकॅनिक भेटला. त्याने हात झटकून सांगितलं, "साहेब, कशाला दर वेळी कटकट? उडवून टाकू." म्हणजे फिल्टर कापायचा, आतलं सिरॅमिक ठोकून बाहेर काढायचं, पत्रा पुन्हा वेल्ड करायचा आणि सॉफ्टवेअरमधून दिवा कायमचा मारायचा. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. "पिकअप बघा मग," तो म्हणाला. पिकअप हा माझा दुबळा कोपरा आहे, हे त्याला माहीत होतं. पुष्कळांनी केलंय, असंही म्हणाला. कायद्याला ते मान्य नाही, पण कायदा वाकून सायलेन्सरमध्ये कधी बघतो?

मी हो म्हणणारच होतो. मग घरी येऊन गाडी लावली आणि वर पाहिलं. माझ्या सायलेन्सरच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, काकूंची खिडकी आहे. काकूंनी ऐंशी कधीच ओलांडली. दमा आहे, उशाशी पंप असतो. सकाळी मी गाडी सुरू केली की ती खिडकी लागते आणि गाडी गेली की उघडते, हे मी इतकी वर्षं बघत आलो होतो आणि वक्तशीरपणा समजत होतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये निःसंदिग्ध सांगून टाकलंय. ही काजळी अडीच मायक्रॉनहूनही बारीक, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारी. अहिल्यादेवी शाळा सुटते तेव्हा मुलींचा लोंढा गाड्यांच्या मधून वाट काढत जातो, आणि लहान मुलीचं नाक मोठ्या माणसाच्या नाकापेक्षा सायलेन्सरच्या जवळ असतं. माझ्या पिकअपसाठी तो फिल्टर या सगळ्यांच्या छातीत बसवायचा? मेकॅनिकला फोन करून नको म्हणालो. तो म्हणाला, "मर्जी तुमची, पण तुमच्या एकट्याने काय होणार?" आणि राग याचा येतो की तो खोटं बोलत नव्हता. दुसऱ्याच दिवशी केळकर रस्त्यावर माझ्यापुढे पाण्याचा टँकर होता. त्याने गिअर बदलला आणि समोरचं काही मिनिटभर दिसलंच नाही. मी काच वर केली. चालणाऱ्यांना काच नव्हती.

तर मग उरला हायवे. चौथा गिअर, दोन हजारांच्या वर आरपीएम, साठच्या पुढे वेग, वीस मिनिटं. डिझेलची काजळी जाळायला डिझेल जाळायचं, आणि त्यासाठी कुठेतरी जायचं, जिथे आपलं काही काम नाही. आमच्या घराण्यात असं विनाकारण कुणी गेलेलं नाही. आजोबा पानशेतच्या पुरात घर सोडून निघाले तेसुद्धा वाटेत एक उधारी वसूल करत गेले, असं सांगतात. मी तळमळत होतो. बायको म्हणाली, "मग केतकावळ्याला प्रतिबालाजीला जाऊ. तेवढंच कारण."

हे काकूंनी खिडकीतून ऐकलं.

"मला नेशील का रे?" त्यांनी विचारलं. गुडघ्यांमुळे काकू वर्षानुवर्षं ओंकारेश्वराच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. मी त्यांना समजावलं की ही सहल नाही, तांत्रिक काम आहे, मध्ये थांबता येणार नाही. त्या म्हणाल्या, "मी कुठे थांबा म्हणतेय?" पहाटे पाचला त्या काठी, पंप आणि नारळ घेऊन पुढच्या सीटवर बसल्या; मागे बायको आणि अण्णा. दिवा विझला तर नारळ फोडीन, असा नवस त्यांनी परस्पर बोलून टाकला होता.

सिंहगड रस्त्याने वडगाव, तिथून बायपास, कात्रजच्या बोगद्याचा चढ. चढाला इंजिनाने आवाज बदलला, आरपीएम किंचित वर सरकले. रिजन सुरू झालं होतं. खेड-शिवापूरला अण्णा मागून म्हणाले, "चहा?" काकूंनी मान न वळवता विचारलं, "जळतंय ना अजून? मग नाही." कापूरहोळचा फाटा आला. बालाजीला इथे वळायचं. दिवा तसाच. काकूंनी चालत्या गाडीतून हात जोडले, म्हणाल्या, "देव कुठे पळून जात नाही, सरळ घे." देवाच्या दारावरून पुढे जाणारी ही एकमेव यात्रा असेल. शिरवळच्या अलीकडे दिवा विझला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. परतताना दर्शन झालं, नारळ फुटला आणि अर्धा इंजिनाला म्हणून माझ्या हातात मिळाला.

पेठेत आता माझी ख्याती बदलली आहे. गाड्यांमधलं कळतं, हे मागे पडलं. महिन्याकाठी पहाटे उठून बालाजीला जाणारा भाविक म्हणून लोक मला नमस्कार करतात. शिंप्याने खुलासा मागितला तेव्हा मी काजळी, दाब, ६०० अंश वगैरे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "श्रद्धा आहे, लपवता कशाला?"

एकदा मात्र दिवा लवकर विझला, पार बोगद्याच्या थोडं पुढेच. काकूंना डॅशबोर्डवरची बारीक चिन्हं दिसत नाहीत. कापूरहोळ जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "जळतंय का रे?" त्यांचं माहेर वाईजवळ. १९४६ साली खडकीला किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी सुरू झाली, तिचं पाच हॉर्सपॉवरचं एक इंजिन पुढे काकूंच्या माहेरच्या विहिरीवर आलं होतं. डिझेलसाहेबाने ज्या लहान माणसासाठी इंजिन केलं तो हाच असणार, काकूंचे वडील. धूर सोसत नाही पण वास अजून आवडतो, असं त्या नेहमी सांगायच्या. मी म्हणालो, "जळतंय काकू, आज जरा जास्त वेळ घेतंय." मागच्या सीटवर बायको आणि अण्णा दोघांनाही दिवा दिसत होता. दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

खंबाटकी घाट चढलो, सुरूरला काकूंच्या माहेराकडे वळलो. विहिरीवर आता विजेची मोटर आहे. इंजिनाचा सिमेंटचा चौथरा तेवढा शिल्लक, वर चार गंजके बोल्ट. काकूंनी काठीने बोल्ट मोजले आणि भाच्याला विचारलं, "याला ऑइल कोण देतं हल्ली?" मग सगळ्यांना उसाचा रस मिळाला. परत येताना कात्रजच्या बोगद्यानंतरच्या उतारावर मी इतक्या हळू होतो की अण्णा दोनदा म्हणाले, रिजनचं काय? काकू झोपल्या होत्या.

सर्व्हिस सेंटरचा मुलगा म्हणतो, फिल्टर आता उत्तम आहे, असंच चालू ठेवा. तेव्हा पेठकरांना विनंती: मागच्या सीटवरची मधली जागा रिकामी आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी दिवा लागण्याआधी नाव द्यावं. लागल्यावर वेळ मिळत नाही. पहाटे पाचला वर्तक बागेपाशी उभं राहावं, चहा घरून पिऊन यावं. कुठल्या देवाला जायचं ते फिल्टर ठरवेल. डिझेलचा खर्च सर्वांनी समान वाटून द्यायचा आहे, काकू सोडून.